रतनगड ते हरिश्चंद्रगड, गळ्यात होकायंत्र घालून

आदला दिवस, नाशिक

जेवणाच्या टेबलावर तीन कंपास, म्हणजे होकायंत्रं, मांडले होते आणि तिन्हींची उत्तर दिशा वेगवेगळीकडे. भाचा म्हणाला, मावशी, यातलं खरं कुठलं? टेबलाचे पाय लोखंडी आहेत, म्हणलं इथे नाही कळायचं, चल बाहेर. गच्चीवर पण नको कारण स्लॅबमध्ये सळया असतात, म्हणून मग समोरच्या मैदानात मधोमध जाऊन उभे राहिलो, मोबाईल घरी ठेवून.

भाचा सतरा वर्षांचा आहे आणि या ट्रेकला वाट शोधायचं काम त्याच्याकडे द्यायचं मी ठरवलं होतं. बाकी मंडळी म्हणजे माझी मैत्रीण आणि भावोजी, म्हणजे तिचा नवरा. चार दिवस, रतनगडावरून कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगड आणि खिरेश्वरला उतरायचं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, म्हणजे पाऊस जवळपास गेलेला पण धुकं अजून हटलेलं नाही.

तर ते तीन कंपास. पहिला भावोजींनी हौसेने घेतलेला, हिरवा, धातूचा, घडी घालायचा, मिलिटरीवाला दिसतो तसा. हातात घेतल्यावर भारी वाटतो, पण जरा तिरका धरला की आतली चकती घासून अडकते आणि मग जिथे अडकली तीच उत्तर. चांगल्या बनावटीचे असे कंपास असतात आणि लांबच्या शिखराचा नेम धरायला ते उत्तमच, पण खालून पारदर्शक नसल्यामुळे नकाशावर ठेवून लगेच अंश, म्हणजे जायच्या दिशेचा उत्तरेपासूनचा कोन, काढता येत नाही, वेगळा कोनमापक लागतो. नवशिक्याने हा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा मैत्रिणीच्या दिराने स्वीडनहून आणलेला, दिसायला तिन्हींत सुंदर. पण सपाट धरला तरी सुईचं दक्षिण टोक खाली झुकून तळाला टेकत होतं. यात कंपासचा काही दोष नाही. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर नसतात, ध्रुवाकडे जावं तशा जास्त तिरक्या होत जातात, स्वीडनमध्ये हा तिरकेपणा ७० अंशांच्या वर आणि आपल्याकडे जेमतेम २५-३० च्या आसपास. तिकडे सुईचं उत्तर टोक खाली ओढलं जातं म्हणून बनवतानाच दक्षिण टोकाला थोडं वजन देऊन तोल साधतात, आणि तीच सुई इकडे आली की ते वजन जास्त होतं. त्यामुळे परदेशातून कोणी आणून देणार असेल तर आधी विचारा की सुई कुठल्या भागासाठी आहे, किंवा सरळ ग्लोबल सुईवाला मागवा, तो थोडा महाग पडतो पण कुठेही चालतो.

तिसरा माझा, बारा वर्षं जुना, साधा पारदर्शक पट्टीवाला. दोन-दोन अंशांच्या रेघा, कडेला मिलिमीटर आणि १:५०,००० ची मोजपट्टी, आत तेल. याची परीक्षा मी दर ट्रेकच्या आधी घेते. कंपास सपाट धरायचा, सुरी जवळ नेऊन सुई हलवायची, सुरी लांब करायची आणि सुई परत त्याच आकड्यावर येते का बघायचं, पाच वेळा. पाचही वेळा आली तर सुई जिच्यावर फिरते ती खुंटी चांगली आहे, एखाद्या वेळी तीन-चार अंश अलीकडे थांबली तर तो कंपास घरी ठेवा. आत छोटासा बुडबुडा असला तर घाबरायचं कारण नाही, सुईला अडवण्याइतका मोठा असेल तर बाद.

शेवटी माझा कंपास गळ्यात आणि माझ्याकडेच पडून असलेला तसलाच दुसरा जुना कंपास जादाचा म्हणून भाच्याच्या सॅकमध्ये, असं ठरलं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाच्या रंगीत प्रिंट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या. १:५०,००० म्हणजे २ सेंटीमीटरला १ किलोमीटर, आणि दोन कंटूर रेघांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघांमध्ये, २० मीटरची उंची. खरी उत्तर आणि सुईची उत्तर यातला फरक आपल्याकडे एक अंशापेक्षाही कमी आहे, त्यामुळे सह्याद्रीत तो सोडून दिला तरी चालतो. परदेशात काही ठिकाणी तो १५-२० अंशही असतो, तिकडे ट्रेक करणाऱ्या आपल्या लोकांनी तिथला आकडा बघूनच निघावं.

दिवस पहिला, रतनवाडी ते रतनगड

घोटीवरून भंडारदरा, तिथून तलावाच्या कडेकडेने रतनवाडी. अमृतेश्वराचं दर्शन घेतलं, पुष्करिणीच्या पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला आणि तिथेच भाच्याची पहिली शिकवणी घेतली. उजेडात, रस्ता समोर दिसत असताना, जिथे चुकलो तरी काही बिघडत नाही अशा जागी कंपास वापरायची सवय लागली पाहिजे, धुक्यात पहिल्यांदा बाहेर काढला तर हात थरथरतात आणि डोकं चालत नाही.

शिकवणी अशी. नकाशावर कंपासची लांब कड ठेवायची, आपण आहोत तिथून जिथे जायचं तिथपर्यंत, पट्टीवरचा बाण जायच्या दिशेला. मग पट्टी तशीच दाबून धरून फक्त गोल डबी फिरवायची, आतल्या बारीक रेघा नकाशाच्या उभ्या रेघांना समांतर होईपर्यंत आणि डबीतला बाण नकाशाच्या वरच्या बाजूला. या वेळी सुईकडे बघायचंच नाही. आता कंपास उचलून छातीशी सपाट धरायचा आणि डबीला हात न लावता आपण स्वतः फिरायचं, लाल सुई डबीतल्या लाल बाणात बसेपर्यंत. लाल घरात लाल गेलं की पट्टीवरचा बाण दाखवतो तिकडे जायचं. भाच्याने पहिल्या दोन वेळा स्वतः फिरायच्या ऐवजी डबी फिरवली, ही चूक सगळेच करतात, तिसऱ्यांदा बरोबर जमलं आणि देवळाच्या मागच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाला, तिकडे. बरोबर तिकडेच वाट होती.

चढ नेहमीचाच, जंगल, घाम, शिड्या, गणेश दरवाजा. शिड्यांवर गर्दी होती. साडेचारला नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळाला आरपार पडलेल्या भोकात, पोचलो आणि वारा असा की टोपी हातात धरावी लागली. पण ढग फाटले आणि उत्तरेला कळसूबाई उघडी झाली! मी याच क्षणाची वाट बघत होते. नकाशावर रतनगड आणि कळसूबाई जवळपास एकाच उभ्या रेषेवर आहेत, म्हणजे इथून ती अगदी सरळ उत्तरेला, ११ किलोमीटरवर. कंपास तपासायला इतकी चांगली जागा मला दुसरी माहिती नाही. नेढ्याच्या कातळापासून थोडं लांब उभं राहून भाच्याने नेम धरला, सुई एक-दोनदा डोलली आणि शून्यावर बसली, त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही. डावीकडे अलंग-मदन-कुलंग हे किल्ले, आणि मागे वळून दीडशे अंशांच्या आसपास लांब हरिश्चंद्रगडाचा डोंगर, जिथे परवा पोचायचं.

रात्री गुहेत टॉर्चच्या उजेडात वहीत तक्ता केला. कुठून, कुठे, किती अंश, किती अंतर, चढ का उतार, डाव्या हाताला काय, उजव्या हाताला काय. अंश एकट्याने काही सांगत नाही, शेजारी चढ का उतार लिहिलेलं असेल तरच चूक लवकर सापडते, हे दुसऱ्याच दिवशी कळलं.

दिवस दुसरा, कात्राबाई खिंड आणि कुमशेत

शिड्या उतरून फाट्यावर आलो आणि कात्राबाईची वाट धरली. जंगल इतकं दाट की आभाळ दिसत नाही, कारवी डोक्याच्या वर, आणि गुरांनी केलेल्या ढोरवाटा चारी बाजूंनी. एका ठिकाणी दोन वाटा फुटल्या, डावीकडची रुंद, मळलेली, शेणाचे पोहो पडलेले, उजवीकडची बारीक आणि गवताने झाकलेली. भावोजी म्हणाले, सगळे इकडूनच गेलेत, चला. तक्त्यात खिंड दक्षिणेकडे होती, पण पहिल्या वीस पावलांत दोन्ही वाटा थोड्याफार दक्षिणेलाच जात होत्या, म्हणून रुंद वाटेने दहा मिनिटं चाललो आणि मग थांबून परत बघितलं. सुई सांगत होती की आपण पूर्वेकडे वळलोय आणि पाय सांगत होते की आपण उतरतोय. वहीत लिहिलं होतं, चढ. मागे फिरलो, बारीक वाट धरली, पाऊण तासात खिंडीत.

सह्याद्रीत कंपासचा उपयोग असा असतो हे लोकांना सांगायला पाहिजे. इथे कोणी अंश धरून नाकासमोर चालू शकत नाही, मध्ये कडा येतो, घळ येते, करवंदाची जाळी येते. वाट आधीपासून आहे, शेकडो वर्षांची, आपल्याला फक्त फाट्यावर चुकीची वाट सोडायची असते. आणि फाट्यावरच निकाल लावायचा नाही, दीड-दोनशे मीटर जाऊन वाट स्थिरावली की मग कंपास बघायचा, चुकलं असेल तर परत यायचं, दोनशे मीटरला काही मोठे कष्ट पडत नाहीत.

अंतर मोजायला मी जोडपावलं मोजते, म्हणजे उजवा पाय पडला की एक. सपाटीवर माझी १०० मीटरला ६५ होतात, चढावर ८० पर्यंत जातात. भाच्याचे पाय लांब, त्याची ५८. हे घराजवळ टेपने मोजून ठेवलेलं. दर शंभर जोडपावलांना एक खडा या खिशातून त्या खिशात.

कुमशेतला संध्याकाळी पोचलो. एका घराच्या ओसरीवर तिथल्या मावशींनी जागा दिली, नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. आम्ही चहा पीत बसलो होतो आणि भाचा अंगणात त्याच्या सॅकमधला जादाचा कंपास घेऊन सराव करत होता. एकदम ओरडला, मावशी, इकडे ये, सूर्य पूर्वेला मावळतोय!

मी कंपास हातात घेतला. लाल टोक व्यवस्थित, शांतपणे, न डोलता दक्षिण दाखवत होतं. गळ्यातला शेजारी, एक हात लांब धरला, त्याचं लाल टोक बरोबर उलट दिशेला. सॅकचा कप्पा उघडून बघितला तर कंपासला चिकटून भाच्याचा मोबाईल, ज्याच्या कव्हरच्या झडपेत चुंबक आहे, आणि त्याच्या शेजारी भावोजींचा छोटा स्पीकर, ज्यात त्याहून मोठं चुंबक. दोन दिवस चालताना तिन्ही एकमेकांवर आपटत होते. जोरदार चुंबक सुईला असं लागून राहिलं की सुईचे ध्रुवच उलटे होतात, तुटत नाही, अडकत नाही, नव्यासारखी फिरते, फक्त खोटं बोलते.

मला रात्री झोप लागली नाही. तो एकच कंपास असता आणि धुकं असतं तर? मैत्रीण म्हणाली, उलट दाखवतोय ना, मग उलटं वाचू. पण पूर्ण उलटला आहे का अर्धवट, हे तिथे बसून नक्की सांगता येत नाही, आणि अर्धवट बिघडलेली सुई वीस-तीस अंशांनी कुठेही थांबू शकते. तो कंपास सॅकच्या तळाशी गेला. तेव्हापासून आमचा नियम झाला की सकाळी निघताना सूर्याकडे आणि सुईकडे एकदा बघायचं, पाच सेकंद लागतात. घरच्या मावशींनी हे सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "डबी काय बी सांगू दे बाई, सकाळच्याला ऊन तोंडावं आलं की पाचनईची वाट उजव्या हाताला." नकाशात बघितलं, तंतोतंत खरं.

दिवस तिसरा, पाचनई आणि कोकणकडा

मुळा नदी ओलांडताना पाणी गुडघ्यापर्यंत होतं, बूट गळ्यात. पेठेची वाडी, मग पाचनई, मग गडाची चढण. या दिवसाचं फार लिहीत नाही, वाट ठळक आहे. देवळापाशी दुपारी तीन वाजता. केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उतरून शिवलिंगाला प्रदक्षिणा घातली, चारांतला एकच खांब शाबूत राहिलाय, तो बघून अंगावर काटा येतो. चार वाजता कोकणकड्याकडे निघालो, आभाळ स्वच्छ होतं.

स्वच्छ असतानाच तयारी केली. देवळापासून निघताना अंश घेतला, जोडपावलं मोजत गेलो, नऊशेच्या आसपास भरली, आणि वाटेत दोन ठिकाणी मागे वळून देऊळ कुठल्या अंशावर येतं ते लिहिलं. कड्यावर जाऊन झोपून खाली बघितलं, कोकण नुसतं निळं. वीस मिनिटांत खालून ढग वर आले, कड्यावरून आत सांडले, आणि मी माझ्या मैत्रिणीला सहा हातांवरून बघू शकत नव्हते.

इथे सांगते की असं झालं की पहिलं काम म्हणजे कड्यापासून लांब, एका जागी बसणं. सगळ्यांनी बसायचं, पाणी प्यायचं. आम्ही पंधरा मिनिटं थांबलो, धुकं विरळ होऊन वीसेक मीटरपर्यंत दिसायला लागलं, त्याहून जास्त नाही, आणि अंधार पडायच्या आत पोचायचं होतं.

परतीचा अंश म्हणजे आलेल्या अंशात १८० मिळवायचे किंवा वजा करायचे, कोणाचं गणित कच्चं असेल तर डबी तशीच ठेवून लाल सुईच्या ऐवजी पांढरं टोक लाल बाणात बसवायचं, झालं. पण मी मुद्दाम तो अंश धरला नाही. कंपासवर चालताना पाच अंशांची चूक सहज होते आणि पाच अंश म्हणजे एका किलोमीटरला ८७ मीटर, इथे जवळपास दीड किलोमीटर म्हणजे सव्वाशे मीटरच्या वर. धुक्यात देवळाच्या सव्वाशे मीटर बाजूने गेलो तर कळणारही नाही, आणि मग उजवीकडे वळायचं का डावीकडे हेही कळणार नाही. म्हणून दहा अंश डावीकडे, म्हणजे उत्तरेच्या अंगाला नेम धरला. त्या बाजूला देवळापासून पाचनईकडे उतरणारा ओढा आहे. ओढा आडवा लागला की उजवीकडे वळून पाण्याच्या उलट वर जायचं, देऊळ चुकूच शकत नाही.

चालण्याची पद्धत अशी. मी कंपास धरून जागेवर उभी. भाचा पुढे जातो, दिसेनासा व्हायच्या थोडं आधी मी ओरडते, थांब. मग एक पाऊल डावीकडे, अजून अर्धं, बस. तो बाणाच्या बरोबर रेषेत आला की तो उभा राहतो आणि आम्ही तिघं त्याच्यापर्यंत चालत जातो. परत तो पुढे. वीस-वीस मीटर. किती वेळा केलं मोजलं नाही, सत्तरच्या आसपास असेल. मैत्रीण खडे बदलत होती आणि मोठ्याने आकडा म्हणत होती, चारशे, पाचशे. आठशेला भावोजी म्हणाले, मला वाटतंय आपण उजवीकडे जायला पाहिजे, खात्रीने वाटतंय. मलाही तसंच वाटत होतं! धुक्यात मन हमखास एका बाजूला ओढतं. पण सकाळी सूर्याशी ताडून बघितलेली सुई होती, तिला सोडून मनाचं ऐकायचं काही कारण नव्हतं. साडेनऊशेला भाचा पुढून ओरडला, पाणी! पाणी वाजतंय!

उजवीकडे वळलो, ओढ्याच्या कडेने वर, आणि दहा मिनिटांत धुक्यात एक काळा आकार उंच होत गेला, हरिश्चंद्रेश्वराचा कळस. मैत्रीण रडली. मी पण.

दिवस चौथा, तारामती, टोलार खिंड, खिरेश्वर

सकाळी लख्ख ऊन. तारामतीवर, १,४२९ मीटरवर, भाच्याने नकाशा कातळावर पसरला, त्यावर कंपास ठेवला आणि म्हणाला, मावशी, हा पण बिघडला. खरंच दहा-बारा अंश फरक येत होता. म्हणलं, उचल. कमरेपर्यंत उचलला तशी सुई हळूहळू सरकत आली, छातीशी धरला आणि बरोबर बसली. परत खाली कातळाकडे नेला की परत सरकली. चार-पाच वेळा वर-खाली करून बघितलं, सगळे वाकून ती सुई बघत होतो.

आपला सगळा सह्याद्री बेसॉल्टचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि त्यात मॅग्नेटाइट म्हणजे चुंबकीय लोहखनिज असतं. उघड्या माथ्यांवर वीज पडते तेव्हा तिथला कातळ अजून जोरात चुंबकासारखा होतो. त्यामुळे आपल्याकडे कंपास कधीही दगडावर ठेवून वाचू नये, छातीशी धरावा, आणि शंका आली तर पंधरा-वीस पावलं बाजूला जाऊन परत वाचावं, दोन्ही जागी आकडा एकच आला तर तो खरा. मोबाईलमधल्या कंपासलाही हेच लागू आहे, शिवाय तो हवेत आठचा आकडा काढून आधी सरळ करावा लागतो आणि बॅटरी गेली की गेला. मोबाईलवर नकाशा मी पण बघते, पण गळ्यात दोरी असते ती कंपासचीच.

खिरेश्वरच्या बाजूला पठारावर एकामागून एक टेकड्या आहेत, सगळ्या सारख्या दिसणाऱ्या, आणि पावसाळ्यात इथे खूप लोक चुकतात. आज ऊन असूनसुद्धा प्रत्येक टेकडीवर भाच्याने थांबून अंश बघितला, मी काहीच बोलले नाही, नुसती मागून चालत राहिले. टोलार खिंडीत वाघाच्या शिल्पापाशी नारळाचे तुकडे ठेवलेले होते. तिथून खिरेश्वर, नागेश्वराचं देऊळ, धरणाच्या पाण्याच्या कडेने खुबी फाटा, आणि मिळाली ती एसटी.

घरी आल्यावर तो उलटलेला कंपास काढला. स्पीकर दुरुस्तीवाल्याकडून एक जुनं चुंबक आणलं, चांगल्या कंपासचं लाल टोक ज्या बाजूकडे ओढलं जातं ती त्याची दक्षिण बाजू, तिच्यावर खूण केली. मग ती बाजू काचेवरून सुईच्या मध्यापासून लाल टोकाकडे ओढत नेऊन उचलायची, परत मध्यापासून, असं दहा-बारा वेळा. मग मैदानात जाऊन गळ्यातल्या कंपासशी ताडून बघितलं, एक अंशाचाही फरक नाही. तरी सुरीची परीक्षा पाचदा घेतली. आता तो प्लास्टिकच्या छोट्या डब्यात कपाटाच्या वरच्या फळीवर असतो आणि डब्यावर भाच्याने स्केचपेनने लिहून ठेवलंय, मोबाईल लांब ठेवा.